अमाल्फी किनारा, पायी आणि पाण्यातून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्यावर मी तीन वेळा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला एका मोठ्या ग्रुप टूरबरोबर गेलो होतो. तेव्हा पोझितानोच्या वळणावर फोटोसाठी वीस मिनिटं, अमाल्फीत जेवण धरून दोन तास आणि बाकी सगळा वेळ बसच्या खिडकीत. पुढच्या दोन्ही वेळा पाठीवर सॅक घेऊन गेलो आणि खरा किनारा तेव्हा दिसला. तेव्हापासून मित्र, नातेवाईक, ट्रेकिंगच्या ग्रुपमधली मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय.

अमाल्फी किनारा म्हणजे नेमका कुठला भाग?

नापोलीच्या, म्हणजे आपण ज्याला नेपल्स म्हणतो त्याच्या दक्षिणेला सोरेंतोचं द्वीपकल्प समुद्रात शिरलंय. त्याची सालेर्नोच्या आखाताकडे तोंड केलेली दक्षिण बाजू म्हणजे हा किनारा. पश्चिमेला पोझितानो, पूर्वेला व्हिएत्री, मध्ये प्रायानो, फुरोरे, अमाल्फी, आत्रानी, मिनोरी, माइओरी, चेतारा अशी गावं आणि वर डोंगरात राव्हेल्लो, स्काला, त्रामोंती. १९९७ पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मागे लात्तारी डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर १४४४ मीटरचं, आणि तिथून डोंगर जवळजवळ सरळ समुद्रातच उतरतो. सपाट जागा म्हणून नाहीच. किनाऱ्याचा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी शेकडो वर्षं एका गावातून दुसऱ्या गावी जायचं तर होडीनं, नाहीतर पायऱ्यांनी. म्हणून इथल्या पायऱ्यांना मी पर्यटकांसाठीची सोय समजत नाही. इथला मूळ रस्ता तोच आहे.

'देवांची वाट' हे काय प्रकरण आहे? खरंच इतकी भारी आहे का?

आहे. या किनाऱ्यावर एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

इटालियन नाव 'सेंतिएरो देल्यी देई'. आजेरोला गावाच्या बोमेरानो वस्तीपासून निघून पोझितानोच्या डोक्यावरच्या नोचेल्ले वाडीपर्यंत जाणारी ही सहा-सात किलोमीटरची डोंगरकडेची वाट आहे. बोमेरानो समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आणि नोचेल्ले साडेचारशेच्या आसपास, त्यामुळे या दिशेनं चाललात तर एकूण उतारच लागतो. मध्ये छोटे चढ आहेत, पण धाप लागेल असे फार नाहीत. रमतगमत, फोटो काढत तीन तास धरा. नावामागची दंतकथा अशी, की समोरच्या ली गाल्ली बेटांवरच्या मोहिनी गायिकांपासून ग्रीक कथांमधल्या युलिसिस या वीराला वाचवायला देव याच वाटेनं खाली उतरले. ही तीन बेटं वाटेवरून स्पष्ट दिसतात. प्रसिद्ध नर्तक रुडॉल्फ नुरेयेव काही वर्षं त्यांचा मालक होता.

बोमेरानोच्या चौकातून निघालं की पहिली दहा-पंधरा मिनिटं गावातून जातात. मग एका कड्याच्या पोटातली भलीमोठी कपार लागते, 'ग्रोत्ता देल बिस्कोत्तो'. तिच्या आत चुन्यानं बांधलेली जुनी घरं अजून उभी आहेत. त्यानंतर कोल्ले सेर्रा नावाची खिंड येते आणि तिथे डावीकडे एकदम समुद्र उघडतो. पायाखाली चुनखडीचा पांढरा कातळ, त्याच्या फटींत रानटी रोझमेरी. हात लागला की बोटांना तासभर वास राहतो. खाली द्राक्षांच्या आणि भाजीच्या पट्ट्या, त्यांना धरून ठेवणाऱ्या चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली. हवा स्वच्छ असेल तर पुढे टोकाला काप्री बेटाचे सुळके दिसतात. त्या खिंडीत मी अर्धा तास नुसता बसून होतो. खालून एक माणूस दोन खेचरं घेऊन वर आला, खेचरांवर सिमेंटची पोती होती. रस्ता नाही तिथे घराचं सामान अजून असंच चढतं.

आपल्या सह्याद्रीतल्या ट्रेकच्या मानानं किती अवघड?

सोपा. ज्यांनी राजगड-तोरणा केलाय त्यांना हा फेरफटका वाटेल. दोन-तीन ठिकाणी आडवी वाट अरुंद आहे आणि एका बाजूला दरी आहे. उंचीची भीती असणाऱ्यांनी तिथे डोंगराच्या बाजूनं चालावं. दोर लावायची किंवा हातापायांवर चढायची वेळ येत नाही. पण चप्पल-सँडल चालणार नाही. लाखो पावलांनी तो चुनखडीचा दगड गुळगुळीत झालाय आणि सकाळच्या दवानं तो सटकतो.

सावली जवळपास नाही. माणशी दीड लिटर पाणी बोमेरानोतूनच बरोबर घ्या.

खरा त्रास म्हणे शेवटी आहे?

हो, आणि हे बहुतेक जाहिरातीत सांगत नाहीत. नोचेल्लेला वाट संपते, पण पोझितानो अजून खाली असतं. तिथून पोझितानोलगतच्या आरियेंझोपर्यंत सुमारे १७०० पायऱ्या उतरतात. चढायला नाही, उतरायला, म्हणजे सगळा भार गुडघ्यांवर. तीन तास चालून झाल्यावर त्या पायऱ्यांनी तरुण मुलांचेही पाय लटपटताना पाहिलेत. गुडघे कुरकुरत असतील तर नोचेल्लेहून छोटी लोकल बस पोझितानोला उतरते, ती सरळ घ्या.

उलट दिशेनं, म्हणजे पोझितानोहून वर चढून, ही वाट करू नका असाच माझा सल्ला. प्रायानोहूनही सान दोमेनिको मठावरून वर येणारी एक वाट आहे. तिथून चढणारे खिंडीत पोचेपर्यंत घामानं निथळलेले असतात.

गाईड घ्यावाच लागतो का?

देवांच्या वाटेवर लागत नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा ठळक आहेत, आणि हंगामात पुढेमागे माणसं असतातच. तरी मी दुसऱ्या खेपेला घेतला आणि तो पैसा वसूल झाला. रस्ता दाखवण्यासाठी त्याची गरज नव्हती. आपल्याला जे नुसतं हिरवं दिसतं, ते त्यानं उलगडून सांगितलं. लिंबाच्या मांडवाला चेस्टनटचेच खांब का, ते डोंगरात कुठून येतात, पावसाचं पाणी तालीतून कसं झिरपू देतात, एक ताल ढासळली की खालच्या दहा कशा जातात. आपल्याकडच्या गडांवर पाण्याची टाकी दाखवणारा गावातला माणूस भेटला की गड जसा वेगळा दिसतो, तसंच.

लात्तारीच्या वरच्या धारेवरच्या वाटांना मात्र गाईडशिवाय जाऊ नका. तिथे खुणा विरळ आहेत आणि समुद्रावरून ढग चढले की वीस पावलांवरचं दिसत नाही. इटलीत पॉम्पेईसारखी स्थळं दाखवणाऱ्या गाईडला सरकारी परवाना लागतो. डोंगरात नेणारे गाईड वेगळे असतात. बुक करताना 'परवाना आहे का, विमा आहे का, ग्रुप किती जणांचा' हे तीन प्रश्न विचारा. दहा-बाराच्या वर माणसं असतील तर अरुंद वाटेवर पाठीमागच्यांना काहीच ऐकू येत नाही.

गर्दी टाळून चालायला दुसरी एखादी वाट?

दोन सांगतो.

अमाल्फी गावाच्या मागे 'व्हाल्ले देल्ले फेर्रिएरे' नावाची दरी आहे. समुद्रकिनाऱ्यापासून तासाभरात तुम्ही ओलसर, गर्द झाडीत असता. बाजूला झरा, छोटे धबधबे, जुन्या कागद गिरण्यांची आणि लोखंडाच्या भट्टीची पडकी बांधकामं. अमाल्फी मध्ययुगात समुद्रावर राज्य करणारं प्रजासत्ताक होतं आणि इथला हातकागद नावाजलेला होता. या गिरण्या त्याच पाण्यावर चालत. दरीच्या आतल्या राखीव भागात एक अतिप्राचीन जातीचं मोठं नेचं उगवतं, युरोपात फार कमी ठिकाणी उरलेलं. खाली गावात कागदाचं संग्रहालय आहे. तिथे स्वतःच्या हातानं कागदाचा ताव उचलून पाहता येतो, मुलांना फार आवडतं.

दुसरी माइओरी ते मिनोरी ही 'लिंबांची वाट'. जेमतेम दीड तास. इथलं लिंबू लांबुळकं, टोकदार, हाताच्या पंज्यात मावत नाही असं. त्याला 'स्फुझातो' म्हणतात. सालीखालचा पांढरा भाग जाड आणि गोडसर असतो, त्यामुळे त्याच्या चकत्या मीठ-साखर लावून नुसत्या खातात. पूर्वी ही लिंबं बायका पाठीवरून खाली होड्यांपर्यंत नेत. एकेक टोपलं पन्नास किलोहून जड, आणि दिवसाला कित्येक खेपा. त्यांना 'फोर्मिकेल्ले' म्हणत, म्हणजे छोट्या मुंग्या. त्याच पायऱ्यांवर रिकाम्या हातानं चालताना मला धाप लागली आणि ते टोपलं डोळ्यांसमोरून हलेना.

आई-बाबा बरोबर आहेत, वय पासष्टच्या पुढे. त्यांना झेपेल का?

चालायची सवय असेल तर देवांच्या वाटेचा पहिला तुकडा, बोमेरानो ते खिंड आणि परत, आरामात जमतो. सगळ्यात सुंदर देखावा तिथेच आहे. राव्हेल्लोला बस थेट वर जाते. तिथल्या रुफोलो आणि चिंब्रोने या दोन व्हिलांच्या बागा त्यांना नक्की दाखवा. राहण्यासाठी मात्र पोझितानो घेऊ नका, कारण हॉटेलच्या दारापर्यंतच शंभर-दोनशे पायऱ्या असतात. बुकिंग करताना 'बसथांब्यापासून किती पायऱ्या' हे लेखी विचारून घ्या. मिनोरी आणि माइओरी त्या मानानं सपाट आहेत. सालेर्नो शहर तर अगदीच सोयीचं, स्वस्त, आणि फेरीबोटीचा धक्काही चालण्याच्या अंतरावर.

कधी जावं?

मे, जूनचा पहिला पंधरवडा, किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्र अजून उबदार असतो.

ऑगस्ट टाळा. सगळी इटली तेव्हा सुट्टीवर असते, १५ ऑगस्टच्या त्यांच्या मोठ्या सणाला तर पाय ठेवायला जागा नसते, आणि उघड्या कातळावरचं दुपारचं ऊन सोसवत नाही. शरदातल्या अचानक येणाऱ्या पावसाला हलक्यात घेऊ नका. ९ सप्टेंबर २०१० ला आत्रानीत डोंगरावरून आलेल्या लोंढ्यानं गावाचा मुख्य रस्ताच नदी करून टाकला आणि एका तरुणीचा जीव गेला. हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी दरीतल्या आणि कड्याखालच्या वाटा बंद समजा. नोव्हेंबर ते मार्च बहुतेक फेरीबोटी आणि बरीच हॉटेलं बंद असतात.

व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत जाता येतं का?

येतं. डोंगर १२८१ मीटरचा आणि गाड्या हजार मीटरपर्यंत जातात. तिथून विवराच्या कडेपर्यंत अर्धा तास रुंद, घसाऱ्याची वाट आहे. बुटात खडे शिरतात म्हणून उंच मोजे घाला. तिकीट आधी ऑनलाइनच काढावं लागतं, वेळ ठरलेली असते. वर जाऊन मिळेल या भरवशावर गेलेले परत येतात. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा. विवराच्या कडांमधून अजून अधूनमधून वाफ निघताना दिसते. ढग असतील तर काहीच दिसत नाही, तेव्हा सकाळी लवकरची वेळ घ्या.

पॉम्पेईला किती वेळ द्यावा? तिथे 'आपली' एक मूर्ती सापडली म्हणतात, खरं का?

वेळ म्हणाल तर किमान चार तास. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे रोमन शहर सहासष्ट हेक्टरांवर पसरलंय आणि त्याचा तिसरा हिस्सा अजून जमिनीखालीच आहे. आता रोज वीस हजारांच्या वर माणसं सोडत नाहीत आणि तिकिटावर नाव असतं. पासपोर्ट जवळ ठेवा. इथे गाईड जरूर घ्या, नाहीतर दोन तासांनी सगळ्या भिंती सारख्याच दिसायला लागतात.

मूर्तीचं खरं आहे, आणि या सगळ्या प्रवासातली माझ्या सर्वांत जवळची गोष्ट तीच. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती प्रसिद्ध झाली. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसची राख पडली तेव्हा ती त्या घरात होती, म्हणजे त्याआधीच ती भारतातून तिथे पोचली होती. आणि तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती सापडल्या कुठे? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. दोन्ही सातवाहन काळातली व्यापारी गावं. तिथून घाट उतरून बंदरावर, बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे रोमन साम्राज्यात, असा मालाचा प्रवास चालायचा.

ही मूर्ती पॉम्पेईत नाही. नापोलीच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, 'गुप्त दालन' म्हणतात त्या खोलीत आहे. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. कधीकधी मूर्ती प्रदर्शनासाठी बाहेरगावी जाते, म्हणून आधी चौकशी करा. मी काचेसमोर उभा होतो तेव्हा शेजारच्या इटालियन बाईंना 'ही माझ्या भागातली' एवढं मोडक्या शब्दांत सांगितलं. त्यांनी परत एकदा वाकून नीट पाहिलं. गाईड घेतलात तर त्याला तेर आणि भोकरदन ही दोन नावं तुम्ही सांगा.

काप्रीच्या निळ्या गुहेत जाणं जोखमीचं आहे का?

जोखमीचं नाही, पण बेभरवशाचं आहे. गुहेचं तोंड पाण्यावर जेमतेम मीटरभर उंच. छोट्या वल्ह्याच्या होडीत सगळ्यांनी उताणं पडायचं, नावाडी भिंतीची साखळी धरून लाटेच्या तालात होडी आत खेचतो. पाण्याखाली दुसरं मोठं भोक आहे, त्यातून गाळून आलेला प्रकाश पाणी आतून पेटवतो. वारा सुटला की गुहा बंद, कधीकधी सलग दोन-तीन दिवस. आत पाचएक मिनिटंच मिळतात आणि बाहेर रांग तासाची असू शकते. बंद असेल तर हिरमुसू नका. आनाकाप्रीहून खुर्च्यांच्या रोपवेनं ५८९ मीटरच्या मोंते सोलारोवर जा. मला तर तेच जास्त आवडलं.

समुद्रात काय काय करता येतं? पोहता येत नसेल तर?

कयाक हा उत्तम प्रकार. अमाल्फी किंवा प्रायानोहून गाईडबरोबर अर्ध्या दिवसाच्या सहली निघतात. मोठ्या बोटी जिथे जाऊ शकत नाहीत अशा कपारींत, सारासेन चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेल्या बुरुजांच्या पायथ्याशी जाता येतं. लाइफ जॅकेट असतंच, तरी पोहता येत नसेल तर बुक करतानाच सांगा आणि दोघांची कयाक घ्या. सकाळची वेळ बरी, दुपारी वारा वाढतो.

फुरोरेची खाडी वरच्या पुलावरून पाहा. तीसएक मीटर उंचीच्या त्या पुलावरून उंच उड्यांची स्पर्धा होत आलीय. ते व्यावसायिक असतात, खाली बचाव पथक असतं. कुणी कितीही भरीस घातलं तरी कुठल्याही कड्यावरून उडी मारू नका, पाण्याखालचे दगड दिसत नाहीत.

आणि नापोलीच्या पलीकडे बाया नावाचं ठिकाण आहे. रोमन श्रीमंतांचं हे विलासनगर जमीन खचल्यामुळे समुद्राखाली गेलं. तिथे स्नॉर्कल लावून पाच मीटर पाण्याखालची मोझेकची फरशी पाहता येते. गाईड खाली जाऊन हातानं वाळू बाजूला सारतो आणि दोन हजार वर्षांपूर्वीची नक्षी वर येते. पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची बोट आहे.

गाडी किंवा स्कूटर भाड्यानं घ्यावी का?

नको. रस्ता अरुंद, समोरून बस आली की एकाला मागे जावं लागतं, पार्किंग जवळपास नाही. उन्हाळी हंगामात ठरावीक दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ६ सम-विषम नंबरप्लेटचा नियमही असतो.

सीता कंपनीच्या बस सगळीकडे जातात. तिकीट आधी पानपट्टीवजा 'ताबाक्की' दुकानातून घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर मशीनवर छापून घ्यायचं. नाही छापलं तर दंड. हंगामात फेरीबोट बसपेक्षा कितीतरी बरी, बस लागणाऱ्यांसाठी तर नक्कीच.

शाकाहारी माणसाचं काय? जैन जेवण मिळेल का?

शाकाहारी अजिबात उपाशी राहत नाही. सोरेंतोची टोमॅटो-मोझरेल्लातली न्योक्की, वांग्याची पार्मिजाना, राजम्याच्या चुलत घराण्यातल्या घेवड्याच्या दाण्यांची पास्ता ए फाजोली, आणि पिझ्झा मारिनारा, ज्यावर चीजच नसतं. मात्र पास्ता ए फाजोलीत कधी डुकराची चरबी घालतात, म्हणून 'सेंत्सा कार्ने' म्हणजे मांसाशिवाय असं आधी सांगा. चेताराचा अँचोव्हीचा रस इथे बऱ्याच पदार्थांत थेंबभर पडतो, तेव्हा 'सेंत्सा पेशे' म्हणजे माशाशिवाय हेही सांगा. कांदा-लसूण नको तर 'सेंत्सा आल्यो ए चिपोल्ला'. अंडं न खाणाऱ्यांनी ताज्या पास्त्याबद्दल विचारावं. कोरडा पास्ता बहुतेक नुसत्या गव्हाचा आणि पाण्याचा असतो. पार्मेजान चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण असतं, कट्टर शाकाहाऱ्यांनी ते टाळावं.

व्हिसा, विमा?

शेंगेन व्हिसा लागतो. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनच्या भेटीच्या वेळा लवकर संपतात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. तो घेताना डोंगरात चालणं आणि कयाकिंग त्यात धरलंय का, हे वाचून घ्या. बऱ्याच स्वस्त विम्यांत ते वगळलेलं असतं.

वाटेत पाय मुरगळला, कुणाला चक्कर आली तर?

११२ लावा. वाटेवर मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी असते. खुणेच्या पाटीवरचा वाटेचा क्रमांक सांगितला की बचाव पथकाला जागा लगेच कळते. सुरुवातीलाच त्या पाटीचा फोटो काढून ठेवत जा.

हातात एकच दिवस आहे. काय करू?

मुक्काम अमाल्फीत किंवा जवळपास धरून सांगतो. पहिल्या बसनं आजेरोला-बोमेरानो, साधारण पाऊण तास. चौकात कॉफी, पाणी भरून आठच्या आत वाटेला लागा. ऊन पाठीवर येतं आणि खिंडीत तुम्ही जवळपास एकटे असता. अकरापर्यंत नोचेल्ले. तिथे लिंबाचं सरबत प्या, गुडघ्यांना विचारा, मग पायऱ्या किंवा बस. दुपारी पोझितानोच्या काळ्या वाळूत पाय सोडून बसा. दुकानांत फार वेळ घालवू नका. चारच्या सुमाराची अमाल्फीकडची फेरी पकडा आणि डाव्या बाजूची जागा धरा. बोट प्रायानोजवळ आली की मान वर करा. पांढऱ्या कड्याच्या मधोमध एक बारीक रेघ दिसेल. सकाळी तुम्ही तिच्यावरून चालत होता.